लोटन पाटलाचं मळणीयंत्र

मला कोणी फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. फसवलं असतं तर बरं झालं असतं. त्या माणसाला शिव्या घालत उरलेलं आयुष्य मजेत काढलं असतं. पण समोरच्यानं मला खरं तेच सांगितलं, एकदा नाही, तीनदा सांगितलं. आणि मी, लोटन पाटील, बारा गावांचा बैलपारखी, त्याच्या तोंडाकडे बघून मनातल्या मनात हसलो. आता हसायची पाळी गावाची आहे, आणि गाव ती सोडत नाही.

बैलांच्या बाबतीत माझा शब्द चालतो, ते अजूनही कोणी नाकारत नाही. बैल घ्यायचा झाला की लोक मला गाडीत घालून बाजाराला नेतात. मी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, आणि सगळ्यांत जास्त बघतो तो विकणाऱ्याचा चेहरा. माझे दोन नियम. पहिला, आपली गरज तोंडातून बाहेर काढायची नाही. "सहज आलो होतो" म्हणायचं आणि भलत्याच बैलाकडे बघत उभं राहायचं. दुसरा, विकणारा आपणहून जनावराची खोड सांगायला लागला की समजायचं, याला हे विकायचं नाही, कोणा सोयऱ्यासाठी राखून ठेवलंय. असं जनावर डोळे मिटून घ्यावं. या दोन नियमांवर वीस वर्षांत मी एक बैल वाईट घेतला नाही.

यंत्र मात्र घेतलं.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची. तापीच्या काठाला, प्रकाशा गावापासून दोन कोसांवर माझी जमीन. थोडी कपाशी, थोडी दादर ज्वारी, भुईमूग, तूर, आणि बारा बिघे गहू. दोन बैलजोड्या, दोन म्हशी. कशाचंच फार नाही आणि कशाचं अडतही नाही, अशी शेती. अडत होतं एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे माझी बायको जमनाबाई.

आमच्याकडे खळ्यावर बैलांनी मळणी झाली की गडी उंच तिवईवर उभा राहून टोपलीतून गहू वाऱ्यावर सोडतो. दाणे खाली पडतात, भूस पुढे उडतं. त्या वेळी खाली राशीजवळ हातात झाडणी घेऊन घरची बाई उभी असते. राशीवर पडलेला काडीकचरा ती अलगद झाडून काढते. हे काम घरच्याच बाईचं. तिनं पहिलं सूप भरून देवाला काढल्याशिवाय त्या राशीला मीसुद्धा हात लावत नाही. जमनाबाईचा हात या कामात असा हलका की दाणा हलायचा नाही आणि कचरा राहायचा नाही. पण सगळी धूळ जायची तिच्या नाकातोंडात. तीन वर्षं झाली, मळणी आली की तिला दम लागायचा. भिंतीला टेकून बसायची आणि एकेक श्वास ओढून घ्यायची. मला भीती वाटायची, साफ भीती. शहाद्याच्या वैद्यानं सांगितलं होतं, बाईला धुळीपासून लांब ठेवा. मी तिला एकदा म्हणून पाहिलं की खळ्यावर येऊ नको. ती म्हणाली, "खयावर लक्ष्मी येस, आनि मी घर बसू?" विषय तिथंच संपला.

मग कळलं की नवापूरकडे डोंगराच्या पायथ्याला एका मिशनची शेती आहे, तिथला गोरा साहेब कायमचा मायदेशी चालला आणि सामानसुमान विकायला काढलंय. त्यात मळणीचं यंत्र आहे. गव्हाच्या पेंढ्या एकीकडून घालायच्या, दुसरीकडून स्वच्छ गहू. झाडणी नको, सूप नको, राशीपाशी बाई नको. मी मनात ठरवून टाकलं.

पण बायकोच्या दम्यासाठी यंत्र घेतो, असं गावात कोणी पुरुष म्हणेल का? मी पारावर बसून सांगितलं की जमाना बदललाय, आपणही सुधारलं पाहिजे. तेच भाषण घरी जमनाबाईपुढे केलं, आणि शेवटी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता खळ्यावर बायकांचं काही काम उरणार नाही." ती भाकरी थापत होती. तिचा हात जरा थांबला, मग परत चालू झाला. मला वाटलं, खूश झाली. बैलाच्या डोळ्यातलं मला कळतं हो.

धाकटा भाऊ भटू याला बरोबर घेतलं. भटूचा गुण असा की तो माझ्या प्रत्येक बोलण्याला मान हलवतो, त्यामुळे बाजारात तो बरोबर असला की माझी अक्कल दुप्पट वाटते. गाडीनं नंदुरबार, तिथून रेल्वेनं नवापूर. मिशनच्या शेतावर साहेब काही भेटला नाही. भेटला इसहाक. त्याच भागातला डोंगराकडचा शेतकरी, पंचेचाळिशीचा, नऊ वर्षं साहेबाची यंत्रं तोच चालवायचा. घरी तो त्यांच्या डोंगरातली बोली बोलत असणार, पण माझ्याशी मिशनच्या शाळेतली मराठी बोलला, अगदी छापील. मी अहिराणीत विचारायचो आणि तो पुस्तकासारखं उत्तर द्यायचा. इतकं शुद्ध बोलणारा माणूस मी आधी एकच पाहिला होता, कोर्टातला वकील, त्यामुळे मी तिथंच सावध झालो.

छपराखाली दोन वस्तू होत्या. एक मोठं यंत्र, घराएवढं उंच, तांबड्या रंगाचं, पितळेची पाटी ठोकलेलं, चाकांवर उभं, शेजारी त्याचं तेलावर चालणारं इंजिन. दुसरा एक लाकडी खोका, त्यात पंखा, बाहेर हातानं फिरवायचा दांडा. रंग उडालेला, एका पायाला दोरी बांधलेली. त्या खोक्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

इसहाकनं विचारलं, "पाटील, आपली नेमकी अडचण काय आहे? त्याप्रमाणे सांगतो."

आता बघा. समोरचा माणूस सरळ विचारतोय. मी काय म्हणालो? "अडचण काय असणार? सहज आलो होतो." आणि नियमाप्रमाणे छपरावरच्या कौलांकडे बघत उभा राहिलो. भटूही कौलांकडे बघायला लागला.

इसहाक जरा गोंधळला. मग म्हणाला, मोठं यंत्र चांगलं आहे, पण तुमच्यासारख्या शेतीला घेऊ नका. ते गव्हांडा, म्हणजे गव्हाची काडी, लांबच ठेवतं, मोडत नाही. आपल्या बैलांच्या पायाखाली तुडवून जसं मऊ भूस होतं तसं यातून निघत नाही, आणि लांब काडी आपली जनावरं खात नाहीत. साहेबाच्या देशात ती गुरांच्या खाली अंथरतात. तिकडे तर म्हणे आता शेतात चालता चालताच कापणी आणि मळणी दोन्ही करणारं यंत्र निघालंय, त्यांना भुसाची पर्वाच नाही. मी भटूकडे पाहून डोळा मिचकावला. खोड सांगायला लागला.

दुसरी खोड त्यानं सांगितली ती धुळीची. म्हणाला, हे सुरू झालं की चारी बाजूंनी धूळ ओकतं, आम्ही तोंडाला फडकी बांधून काम करतो. तुमचं खळं गावाजवळ असेल तर विचार करा. मग तो त्या लाकडी खोक्यापाशी गेला आणि त्यानं दांडा फिरवून दाखवला. उफणणीचा पंखा. बैलांनी मळायचं, यानं उफणायचं, वारा आपल्या हातात. "माझ्या बायकोला, सोमीबाईला, धुळीनं दम लागायचा," तो म्हणाला. "हा आल्यापासून ती पंख्याच्या मागच्या बाजूला उभी राहते. धूळ पुढे जाते. तुमच्या घरी तसं कोणी असेल तर हाच न्या."

माझ्या काळजात चर्र झालं. पण ते शहाणपणाचं चर्र नव्हतं. मला वाटलं, भटूनं तोंड उघडलं, आणि आता हा माणूस आमच्या वर्मावर बोट ठेवून भंगार गळ्यात मारतोय, म्हणजे मोठं यंत्र कोणा नात्यातल्या माणसाला मिळावं. भटूला बाजूला घेऊन विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. मी तरीही विश्वास ठेवला नाही. इसहाकवर नाही आणि भटूवरही नाही. फक्त लोटन पाटलावर ठेवला.

तिसऱ्या वेळी त्यानं यंत्र चालवूनच दाखवलं. इंजिन धडधडलं, पट्टा फिरला, पाच-सहा पेंढ्या आत गेल्या, आणि पुढच्या नळीतून गहू आला. काय गहू, निवडायला नको. मी ओंजळ भरली आणि भरतच राहिलो. इसहाक ओरडून सांगत होता की पाटील, मागे येऊन बघा, मागून काय निघतं ते बघा. मी गेलो नाही. बैलाच्या मागे कोण उभं राहतं? लाथ बसते. परत येताना गव्हाची पुरचुंडी बांधून आणली. भुसाची काडी आणली नाही.

सौदा झाला. इसहाकनं आठवडाभर येऊन यंत्र लावून द्यायचं, हे त्यात धरलं होतं. त्यानं मान खाली घालून हो म्हटलं. मला वाटलं, राखून ठेवलेलं यंत्र हातचं गेलं म्हणून वाईट वाटतंय बिचाऱ्याला.

रेल्वेच्या उघड्या डब्यातून यंत्र नंदुरबारला आलं आणि तिथून आठ बैलजोड्या लावून तापीपर्यंत. तापीच्या वाळूत ते दीड दिवस रुतलं. ओढायला चार गावची माणसं आली. मी यंत्राच्या माथ्यावर उभा राहून हुकूम सोडत होतो, डोक्यावर नवा फेटा. त्या फेट्याची आठवण काढून लोक अजून पोट धरतात. घरासमोरून मिरवणूक गेली तेव्हा बायका ओट्यांवर आल्या. जमनाबाई आली नाही. मी समजलो, डोळ्यांत पाणी आलं असेल.

मळणीच्या दिवशी मी तिला ओट्यावर बसवलं, पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला. म्हटलं, आज आरामात बसून बघ. ती बसली. पहिलं सूप कोण काढणार, हे मला सुचलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

सकाळभर सगळं छान झालं. नळीतून गहू येत होता आणि लोक वाहवा करत होते. धूळ होती, भरपूर होती, पण वारा शेताकडे होता. दुपारी वारा फिरला आणि सरळ गावाकडे, म्हणजे माझ्या घराकडे वाहायला लागला. आम्ही हातानं उफणतो तेव्हा वारा फिरला की काम थांबवतो, सावलीत बसतो, चिलीम ओढतो. यंत्राला वारा लागत नाही. इसहाक माझ्याजवळ आला, तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाला, "पाटील, थांबवू या. धूळ घरांवर चालली आहे." मी म्हणालो, "चालू दे." समोर शहाद्याकडचे दोन बागायतदार बघायला आले होते, त्यांच्यापुढे कसं थांबवायचं?

थोड्या वेळानं भटू धावत आला. नुसता घराकडे हात करत होता. मी पळालो. ओट्यावरचा पाट उलटा पडला होता. आत जमनाबाई भिंतीला धरून उभी होती, ओठ निळे पडले होते, श्वास आत जात नव्हता. त्या एका घटकेत मी काय काय नवस बोललो ते मला सांगता येणार नाही. इसहाकनं इंजिन बंद केलं आणि मागोमाग आला. त्यानं मला बाजूला केलं, तिला पुढे वाकवून बसवलं, दारं लावली, ओली फडकी टांगली, आणि मला सांगितलं की फक्त पाठीवर हात ठेवून बसा. मी बसलो. दिवस मावळायच्या सुमाराला तिचा श्वास मोकळा झाला. तिनं माझा हात पाठीवरून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी बैलांपुढे नवा गव्हांडा टाकला. त्यांनी हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. माझ्याच निवडीचे बैल, चारही. मला हसूही येईना.

गोठ्यातच इसहाकपुढे मी हात टेकले. सांगून टाकलं सगळं. यंत्र सुधारणेसाठी नव्हतं घेतलं, बायकोचा दम मला बघवत नव्हता म्हणून घेतलं. त्यानं गव्हाणीतली एक लांब काडी उचलून पाहिली. मग म्हणाला, "मी विचारलं होतं, पाटील." रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पंखा अजून तिथंच पडलाय म्हणाला, आणि भटूला घेऊन त्याच दिवशी गेला.

त्या यंत्राचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचाराल. वर्षभर ते लिंबाखाली उभं राहिलं. मग एक घेणारा आला, बैलबाजारातलाच जुना ओळखीचा. मी त्याला भुसाची खोड सांगितली, धुळीची सांगितली, मागे नेऊन उभं केलं. तो हसला आणि म्हणाला की लोटनभाऊ, मी तुम्हाला ओळखून आहे, हे तुम्ही कोणासाठी राखलंय ते सांगा. आणि हट्टानं घेऊन गेला.

असो. भटू आणि इसहाक पाचव्या दिवशी पंखा घेऊन आले. तेवढ्या दिवसांत जमनाबाई माझ्याशी जेवायला बसा आणि पाणी तापलंय याच्यापलीकडे बोलली नव्हती. अर्धा गहू तसाच पडला होता. आम्ही जुन्या पद्धतीनं बैल फिरवले, मळणी केली, खळ्यात पंखा मांडला. दांडा फिरवून पाहिला, धूळ सगळी पुढे. मागच्या बाजूला नाकासमोर धरलेला कापूसही हलेना. आता फक्त तिला बोलवायचं होतं.

मी दारात जाऊन म्हणालो, "चल खळ्यावर."

ती गहू निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तठे आते बायासनं काम नही ना? तुम्हीच सांगं व्हतं." आता तिथं बायकांचं काम नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर ही बाई काय समजून बसली होती? की नवऱ्यानं आपल्याला खळ्यावरून काढलं. दमेकरी झाली, कामाची राहिली नाही, म्हणून आपल्या जागी लोखंड आणून उभं केलं. आणि ते लोखंड मी तिच्याच दारावरून वाजतगाजत नेलं होतं.

मी तसाच परत फिरलो. खळ्याच्या वाटेवर इसहाक उभा होता. त्याला काय झालं ते सांगितलं. म्हटलं, इसहाकभाऊ, तूच जाऊन समजाव, तू बोलतोस चांगलं. तो नाही म्हणाला. म्हणाला, "मला गोठ्यात जे सांगितलंत, तेच घरात सांगा. इतकं काही अवघड नव्हतं ते."

अवघड नव्हतं म्हणे. जत्रेत हजार माणसांसमोर मी बैलाचा जबडा उघडतो. घरात चार पावलं टाकायला मी उंबऱ्याशी दोनदा थांबलो. फेटा काढून हातात घेतला. का घेतला कोणास ठाऊक. ती अजून निवडतच होती. मी पारावरचं भाषण सुरू करणार होतो, जमाना, सुधारणा वगैरे. तोंडून भलतंच निघालं.

"ते यंतर तुन्हासाठी लिधं व्हतं," मी म्हणालो. "तुन्हा दम माले दखावत नही. माले भ्याव वाटस."

सुपातला तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नसेल, किंवा पाहिलं असेल तर मी कौलांकडे बघत असेन. तिचे डोळे भरले आणि लगेच तिला माझा रागही आला, दोन्ही एकदमच.

"एवढंसं बोलाले," ती म्हणाली, "तुमले एवढं मोठं यंतर लागनं?"

तिनं सूप उचललं, पदर खोचला आणि माझ्या पुढे होऊन खळ्याच्या वाटेला लागली.